‘मूलाँ रूझ’ : एका अल्पायुषी द्यूतगृहाचा वृत्तान्त

संस्थेचें आयुष्य व तिचें महत्त्व यांचें प्रमाण सम असतेंच असें नाहीं. अमेरिकेंतील लास व्हेगस येथील ‘मूलाँ रूझ’ हॉटेल याचें उत्तम उदाहरण होय. तेथील मुख्य मार्गावरील द्यूतगृहांत कृष्णवर्णी कलावंत रात्रीं गात. परंतु बहुतेकांस तेथें राहण्याची वा खेळण्याची मुभा नसे. २४ मे १९५५ रोजीं शहराच्या पश्चिम भागांत उघडलेल्या या हॉटेलानें तो भेद मानला नाहीं. २० जूनच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तेथील नर्तकी झळकल्या. तथापि वर्ष संपण्यापूर्वींच कर्जबाजारी होऊन द्यूतगृह बंद पडलें.

यावरून प्रयत्न निष्फळ ठरला असें म्हणणें साधार नाहीं. डॉ. जेम्स मॅकमिलन यांनीं मोर्च्याचा इशारा दिल्यावर मुख्य मार्गावरील वर्णबंदी उठविण्याच्या ठरावावर २६ मार्च १९६० रोजीं याच ओस वास्तूंत शिक्कामोर्तब झालें. १९९२ मध्यें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचींत ती नोंदली गेली; पुढें आगींनीं जीर्ण झाल्यामुळें पाडण्यांत आली. वास्तु नष्ट झाली असतां कागदच साक्ष देतो. म्हणून संग्राहकांनीं जुनीं मुखपृष्ठेंही पोथ्यांइतक्याच आस्थेनें जपावीं.