माफी मिळते, नोंद राहते

कमांडर कावस नानावटी यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली होती. १९६४ साली महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. घटनेच्या कलम १६१ ने राज्यपालांना आणि कलम ७२ ने राष्ट्रपतींना हा अधिकार दिला आहे. मात्र माफीमुळे न्यायालयाची नोंद बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने केहर सिंग प्रकरणात स्पष्ट केले. शिवाय ऐन विशीत मारामारीत सापडून दंड भरलेला तरुण राजभवनाची पायरी कशाला चढेल? त्याची अडचण भरतीच्या वेळी कळते. चारित्र्य पडताळणीत जुने प्रकरण वर येते.

अशा प्रौढ माणसाची नोंद ठरावीक काळानंतर निष्प्रभ करणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही, आणि तो हवा. त्यामागचे तत्त्व आपण केव्हाच मान्य केले आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम २४ काही गंभीर प्रकरणे वगळता मुलाला अपात्रतेपासून वाचवते आणि योग्य मुदतीनंतर नोंदी नष्ट करायला सांगते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे कलम १२ समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडलेल्याची अपात्रता दूर करते. दोषसिद्धी मात्र तेही पुसत नाही. आता विसंगती पाहा. किरकोळ खटला लांबू नये म्हणून अनेक जण गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि सुटलो म्हणतात. बंधपत्रापेक्षा दंड सुटसुटीत वाटतो खरा, पण कलम १२ चे संरक्षण दंड भरणाऱ्याला मिळत नाही.

नोकरी देणाऱ्याला माणसाचा पूर्वेतिहास कळायला नको का, हा आक्षेप रास्त आहे. पण उत्तर सरसकट उघड करण्यात नाही. ब्रिटनने १९७४ मध्येच कायदा करून ठरावीक काळ निर्दोष काढलेल्याची जुनी शिक्षा बहुतेक नोकऱ्यांसाठी संपलेली मानली. मूळ कायद्यात अडीच वर्षांहून अधिक कैद झालेल्यांना ही सवलत नव्हती, मुलांशी संबंधित कामांसारखे अपवादही ठेवले गेले. पीडितावर अन्याय होईल म्हणावे, तर शिक्षा भोगून झालेलीच असते. जन्मभर बेकारी हा तिचा भाग नव्हता. आपल्याकडे अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तरुणपणी घोषणा देण्यासारखे क्षुल्लक प्रकरण लपवले तरी ते माफ करण्याची मुभा दिली, पण निर्णय नियोक्त्याच्या मर्जीवर सोडला. मर्जी साहेबागणिक बदलते, हक्क बदलत नाही. संसदेने तो द्यावा. तोवर किरकोळ खटल्यात दंड भरून मोकळे होण्याआधी वकिलाला परिवीक्षेबद्दल जरूर विचारा.