निवडीआधीची कसोटी : अमेरिकन फुटबॉलमधील एका शिरस्त्याचा मागोवा

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात आणि ज्यात चेंडू पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळवला जातो, त्या खेळातील व्यावसायिक संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणारे तरुण खेळाडू दरवर्षी ‘ड्राफ्ट’ या पद्धतीने पाळीपाळीने निवडून घेतात. ही पद्धत १९३६ पासून चालत आली आहे. परंतु कोणता तरुण कितव्या क्रमांकावर घ्यावा हे ठरवताना त्याच्या मैदानावरील खेळाबरोबरच, निवडीच्या आधी मुद्दाम घेतलेली त्याची धाव, उडी आणि वजन उचलण्याची ताकद हीही प्रमाण मानावी, हा शिरस्ता त्या मानाने अर्वाचीन आहे. त्याने कित्येकांना वर चढवले आणि कित्येकांना खाली ओढले. आता चार दशकांचा तपशील हाताशी असताना त्याचा हिशेब मांडणे शक्य आहे.

पहिल्या ड्राफ्टच्या वेळी, फेब्रुवारी १९३६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात नऊ संघांचे कारभारी जमले, तेव्हा फळ्यावर सुमारे नव्वद नावे लिहिलेली होती. त्यांतून ८१ जणांची निवड झाली. दुबळ्या संघाला आधी निवडीची संधी द्यावी ही तजवीज बर्ट बेल यांनी सुचवली होती आणि तिचा हेतू स्तुत्य होता. मात्र निवड करायची ती वर्तमानपत्रांतील वर्णने, नियतकालिकांतील याद्या आणि ओळखीच्या प्रशिक्षकांच्या शिफारशी यांच्याच भरवशावर. पहिल्या क्रमांकाचा मान मिळालेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर व्यावसायिक मैदानावर कधी उतरलाच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर रॅम्स संघाचे मालक डॅन रीव्ह्ज यांनी एडी कोटल यांना गावोगाव फिरून खेळाडू पारखण्याच्या पूर्णवेळ कामावर नेमले आणि ऐकीव माहितीच्या जागी प्रत्यक्ष पाहणी आली.

पाहणीनंतर गणिताची पाळी आली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या डॅलस काउबॉइज संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम आणि खेळाडूंची पारख करणारे गिल ब्रँट यांना दिसून आले की, दहा पारखी एकाच खेळाडूविषयी दहा तऱ्हेचे शब्द वापरतात आणि त्या शब्दांची बेरीज करता येत नाही. ही अडचण सोडवण्यासाठी त्यांनी ज्या संख्याशास्त्रज्ञाचे साहाय्य घेतले, ते सलाम कुरेशी मूळचे भारतातील. त्यांना त्या खेळाचा गंधही नव्हता. पण चपळता, सामर्थ्य, जिद्द, बुद्धीची तल्लखता आणि शील अशा गुणांना अंक देऊन ते संगणकाला समजतील अशा रीतीने मांडण्याचे काम त्यांनी केले. गुणांचे अंक करण्याची ही दृष्टी पुढे सर्व संघांत रुजली.

स्वतंत्र चाचणी-शिबिराची कल्पना मात्र वैद्यकीय गरजेतून निघाली. एकाच तरुणाचे गुडघे आणि खांदे वेगवेगळ्या संघांच्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या गावी तपासावेत, यात खर्चही दुप्पट होई आणि खेळाडूचे हालही. म्हणून श्रॅम यांच्या सूचनेवरून १९८२ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे पहिले मोठे शिबिर भरले. त्यात १६३ खेळाडू आले. संघांचे आणखी दोन गट आपापली शिबिरे भरवीत; १९८५ मध्ये ती सर्व एकत्र झाली आणि १९८७ पासून इंडियानापोलिस हे त्यांचे कायमचे ठाणे ठरले. ‘कम्बाइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शिबिराला आता दरवर्षी तीनशेहून अधिक तरुणांना पाचारण केले जाते. डॉक्टरांच्या तपासणीसाठी बोलावलेल्या तरुणांची धाव-उडीही मोजून घ्यावी, इतकाच आरंभीचा विचार होता; परंतु दूरचित्रवाणीवर दाखवण्याजोगे होते ते हेच, आणि हळूहळू दुय्यम अंगच मुख्य होऊन बसले.

त्यातही चाळीस यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरांची धाव ही साऱ्या चाचण्यांची राणी. एक हात जमिनीला टेकवून तरुण रेषेवर वाकतो. तो हलला की निरीक्षक हाताने घड्याळ सुरू करतो, आणि अंतिम रेषेवर विद्युत-किरण ते थांबवतो. अंगावर ना शिरस्त्राण, ना खांद्यांची चिलखते. समोर ना प्रतिस्पर्धी, ना चेंडू. सुमारे पाच सेकंदांत संपणाऱ्या या धावेतील दशांश सेकंदाचा फरक निवडीत कित्येक क्रमांकांचा आणि लाखो डॉलरांचा फरक करू शकतो. शेजारी कोणी १०२ किलोंची सळई छातीवरून पुनःपुन्हा वर रेटत असतो आणि मोजणारा मोठ्याने आकडे उच्चारीत असतो.

या आकड्यांच्या मोहाचा सर्वांत बोलका दाखला १९९५ चा आहे. बॉस्टन कॉलेजचा माइक मामुला याने कम्बाइनमध्ये ज्या चाचण्या होतात नेमक्या त्यांचीच आधी महिनोन्महिने तालीम केली, आणि आपल्या अंगकाठीला दुर्मीळ अशी धाव, उडी व ताकद दाखवून सर्वांना चकित केले. फिलाडेल्फिया ईगल्सने बारावा क्रमांक आणि दुसऱ्या फेरीतील दोन संधी टॅम्पा बे संघाला देऊन सातव्या क्रमांकावर त्याला घेतले. टॅम्पा बे संघाने त्या बाराव्या क्रमांकावर वॉरन सॅप याला निवडले, आणि मिळालेल्या संधींचा व्यवहार करून अठ्ठाविसाव्या क्रमांकावर डेरिक ब्रूक्स यालाही मिळवले. मामुला अगदीच निरुपयोगी ठरला असे नाही. त्याने प्रामाणिकपणे काही हंगाम गाजवले. परंतु सॅप आणि ब्रूक्स हे दोघेही पुढे ‘हॉल ऑफ फेम’ या सन्मान-दालनात पोहोचले, आणि त्यांच्या बळावर टॅम्पा बे संघाने जानेवारी २००३ मध्ये सुपर बोल हा अजिंक्यपदाचा अंतिम सामना जिंकला. त्या प्रकरणानंतर चाचणीचीच तालीम देणारी केंद्रे हा एक स्वतंत्र धंदा झाला. आणि ज्या परीक्षेची उत्तरे आधी घोकता येतात, ती परीक्षा विद्वत्तेपेक्षा घोकंपट्टीच अधिक मोजू लागते, हा अनुभव तेथेही आला.

उलट बाजूचे दाखलेही तितकेच ठळक आहेत. २००० मध्ये टॉम ब्रेडीने चाळीस यार्डांना ५.२८ सेकंद घेतले आणि तो १९९ व्या क्रमांकापर्यंत पडून राहिला. पुढे सात सुपर बोल जिंकणारा तोच. २००३ मध्ये अँक्वान बोल्डिन मंद धावला म्हणून ५४ वा निवडला गेला आणि पहिल्याच सामन्यात त्याने चेंडू झेलून २१७ यार्डांची कमाई केली. २०१८ मध्ये ऑर्लँडो ब्राउनने ५.८५ सेकंद घेतले, सळई चौदाच वेळा उचलली, आणि तो ८३ व्या क्रमांकापर्यंत घसरला. पण अवाढव्य देहाने प्रतिस्पर्ध्याची वाट अडवण्याचे त्याचे काम ना चाळीस यार्ड धावून होते, ना सळई उचलून, आणि ते तो महाविद्यालयात अनेक हंगाम उत्तम करीत आला होता.

विद्यापीठाच्या आवारात भरणारा ‘प्रो डे’ हा चाचणीचा दुसरा प्रकार; क्वार्टरबॅक या सेनापतीच्या जागेसाठी तो विशेष महत्त्वाचा. २००७ मध्ये जामार्कस रसेलच्या बाहुबलाने सर्वांचे डोळे दिपले; रेडर्स संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि २०१० मध्ये निरोप दिला. २०१४ मध्ये टेडी ब्रिजवॉटरने, एरवी हाती असणारा मोजा त्या दिवशी न घालता, चेंडू काहीसे भरकटत फेकले. त्या एका दुपारनंतर तो घसरत पहिल्या फेरीच्या अखेरच्या, ३२ व्या क्रमांकावर आला, आणि दुसऱ्याच हंगामात त्याने मिनेसोटा संघाला गटविजेतेपद मिळवून दिले. २०२१ मध्ये झॅक विल्सनची एक दीर्घ फेक देशभर वाखाणली गेली. जेट्स संघाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले, पण तिसऱ्या हंगामाअखेर त्यांचा भरवसा उडाला होता.

अनुभवी माणसेही वारंवार का भुलतात, याची कारणे मानवी आहेत. चाचणी निवडीच्या अगदी तोंडावर येते, म्हणून तिची स्मृती ताजी असते. ती सर्वांना सारखी असते, म्हणून न्याय्य भासते. आणि निवड फसली तर मालकापुढे कैफियत देताना आकड्याचा आधार घेता येतो, डोळ्यांनी पाहिलेल्या खेळाचा तसा घेता येत नाही. लुइव्हिल विद्यापीठाच्या कुझमिट्स आणि ऍडम्स यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चेंडू घेऊन धावणाऱ्यांच्या वेगाचा अपवाद सोडता, चाचण्यांचा आणि पुढील कर्तबगारीचा सातत्याने संबंध आढळला नाही.

तरीही चाचणी बाद करावी असे मी म्हणणार नाही. अर्कान्सा-पाइन ब्लफसारख्या लहान महाविद्यालयात खेळलेल्या टेरन आर्मस्टेडने २०१३ मध्ये सुमारे १३९ किलोंचा देह घेऊन ४.७१ सेकंदांत धाव पुरी केली नसती, तर तिसऱ्या फेरीत तरी त्याचे नाव कोणी उच्चारले असते का, याची शंका आहे. त्याच वर्षी स्टार लोटुलेलेईच्या हृदयाच्या तपासणीत शंका निघाली. फेरतपासणीत ती दूर झाली आणि तो चौदावा निवडला गेला. अपरिचिताला दारापर्यंत आणणे आणि शरीराची खरी स्थिती वेळीच कळवणे, ही कामे चाचणीने चोख बजावली आहेत.

अलीकडे वारे थोडे पालटले आहे. महामारीमुळे २०२१ मध्ये इंडियानापोलिसच्या धावा झाल्याच नाहीत, तरी ड्राफ्ट सुरळीत पार पडला. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची ‘वंडरलिक’ बुद्धिपरीक्षा २०२२ पासून बंद झाली. रॅम्सचे प्रशिक्षक शॉन मक्व्हे तर शिबिराला जाणेच टाळू लागले. त्याच संघाने २०२३ मध्ये पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर घेतलेल्या पुका नाकुआने पदार्पणाच्या हंगामात चेंडू झेलून १,४८६ यार्डांचा विक्रम केला.

या साऱ्या दप्तरावरून माझा निष्कर्ष असा की, वैद्यकीय तपासणी आणि शिबिरात संघ घेतात ती मुलाखत यांना आजचेच स्थान राहू द्यावे; धाव, उडी आणि सळई यांनी जिथे शंका निर्माण होईल तिथे खेळाचे चित्रीकरण पुन्हा पाहावे, आणि अंतिम मत त्या चित्रीकरणावरूनच बनवावे. ज्या तरुणाने तीन-चार हंगाम प्रतिस्पर्ध्यासमोर उभे राहून आपले काम केले आहे, त्याचा फैसला फेब्रुवारीतल्या पाच सेकंदांवर सोपवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि सोपवणाऱ्या संघाचे त्यात नुकसानच आहे.