महिन्याचा किराणा आपोआप दारात. पण बचत नेमकी किती?

बीड, प्रतिनिधी : महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाणसामानाची यादी करायची, ती ओळखीच्या दुकानदाराकडे पाठवायची आणि सामान घरी आल्यावर वहीत रक्कम मांडायची, ही बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील मध्यमवर्गीय घरांची जुनी रीत. आता या यादीतील काही वस्तू मोबाइलवरून मागविण्याची सोय झाली असून, त्यात 'नियमित मागणी' अर्थात सबस्क्रिप्शनचीही भर पडली आहे. साबण, धुण्याची पावडर, चहा, तेल अशी वस्तू एकदा निवडायची, ती दर महिन्याला हवी की दोन महिन्यांनी ते सांगायचे. पुढे ठरलेल्या वेळी माल आपोआप येतो आणि नेहमीच्या ग्राहकापेक्षा काही टक्के जादा सवलत मिळते. अॅमेझॉनची 'सबस्क्राइब अँड सेव्ह' ही याच प्रकारची योजना होय.

सवलत मिळाली म्हणजे बचत झालीच, असे मात्र समजण्याचे कारण नाही. सवलत ही संकेतस्थळाच्या स्वतःच्या दरावर दिली जाते. बचत किती झाली हे त्याच दिवशी, तीच वस्तू आपल्या गावच्या बाजारात काय भावाने मिळत होती यावरून ठरते. हा हिशेब मांडला, तर यादीतील पाकीटबंद वस्तूंपैकी काही नियमित मागणीवर टाकणे परवडते. वर्षाचे धान्य आणि डाळी मात्र हंगामात स्थानिक बाजारातूनच भरणे बहुतेक घरांना अधिक लाभाचे ठरते.

टक्के कायम, भाव बदलता

अशा योजनांत सर्वसाधारणपणे सवलतीचे प्रमाण ठरलेले असते, वस्तूची किंमत नव्हे. ज्या दिवशी मागणीवर प्रक्रिया होते त्या दिवशी संकेतस्थळावर जो दर असेल, त्यातून सवलत वजा होते. पहिल्या महिन्यात स्वस्त पडलेली वस्तू तिसऱ्या महिन्यात महाग पडू शकते, आणि मागणी आपोआप जात असल्याने ते अनेकदा लक्षातही येत नाही.

उदाहरणादाखल धुण्याच्या पावडरीचे ४ किलोचे पाकीट घेऊ. समजा, त्यावरील छापील किंमत ६०० रुपये, संकेतस्थळावरील दर ५४० रुपये आणि नियमित मागणीची सवलत १० टक्के आहे. पाकीट ४८६ रुपयांना, म्हणजे किलोला १२१ रुपये ५० पैशांना पडले. छापील किमतीशी तुलना केली तर ११४ रुपये वाचल्यासारखे वाटतात. पण बीडमधील घाऊक दुकानदार तेच पाकीट ५२० रुपयांना देत असेल, तर खरी बचत ३४ रुपयांचीच. पुढील खेपेस संकेतस्थळावरील दर ५८० रुपये झाला, तर दहा टक्के वजा जाऊनही ५२२ रुपये मोजावे लागतील. म्हणजे सवलत घेऊनही दोन रुपये जास्त. घरपोच सेवेचा आकार किंवा वार्षिक सदस्यत्वाचे शुल्क असल्यास तेही या हिशेबात धरले पाहिजे.

दुकानात छापील किमतीखाली माल मिळतच नाही, हा समजही खरा नाही. महिन्याची पूर्ण यादी एकाच ठिकाणी देणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार भावात सूट देतात. त्यामुळे तुलना करताना दुकानदाराला रोख भाव विचारावा. छापील किंमत पाहून थांबू नये.

किलो की लिटर?

मोठे पाकीट नेहमी स्वस्तच पडते, हाही गैरसमज. वैध मापन शास्त्राच्या आवेष्टित वस्तूविषयक नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने पूर्वीच्या ठरावीक वजनांच्या पाकिटांचे बंधन काढून टाकण्यात आले. त्यामुळे एकाच वस्तूची ८५० ग्रॅम, ९०० ग्रॅम, १ किलो अशी निरनिराळी पाकिटे दिसतात. ग्राहकाची गल्लत होऊ नये म्हणून त्याच दुरुस्तीने पाकिटावर एकक किंमत छापण्याची तरतूद केली. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती प्रति ग्रॅम, तर त्याहून जास्त वजनाच्या पाकिटावर प्रति किलो असते. प्रति ग्रॅम किमतीला हजाराने गुणले की किलोचा भाव निघतो आणि लहान-मोठ्या पाकिटांची तुलना करता येते. मात्र ही एकक किंमत छापील कमाल किमतीवर आधारलेली असते. प्रत्यक्ष मोजलेल्या रकमेला वजनाने भागूनच खरा भाव कळतो.

खाद्यतेलाच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. बाजारात तेलाचा डबा १५ किलोचाही मिळतो आणि १५ लिटरचाही. पंधरा लिटरच्या डब्यात तेल सुमारे १३ किलो ६५० ग्रॅमच असते; म्हणजे दोन डब्यांत जवळपास १ किलो ३५० ग्रॅमचा फरक. दुकानातील १५ किलोच्या डब्याच्या भावाशी संकेतस्थळावरील १५ लिटरच्या डब्याची तुलना केल्यास ऑनलाइन तेल विनाकारण स्वस्त भासते. तीच गत एक लिटरच्या पिशवीची. दोन्ही बाजूंचा भाव किलोवर आणल्याखेरीज निर्णय घेऊ नये.

धान्य-डाळींचा हिशेब निराळा

बीड जिल्ह्यात ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, गहू पिकतो. तुरीची आवक साधारण डिसेंबरपासून वाढते, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तर रब्बी ज्वारी आणि गहू उन्हाळ्याच्या तोंडाशी खळ्यावरून बाजारात उतरतात. आवक भरात असताना भाव उतरलेले असतात. वर्षाचे धान्य उन्हाळ्यात भरून ठेवण्याच्या पद्धतीमागे हेच अर्थशास्त्र आहे.

डाळीचा हिशेबही घरच्या घरी मांडता येतो. डाळमिलमध्ये एक क्विंटल तुरीपासून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते. समजा, तूर किलोला ७० रुपयांनी घेतली आणि ७० टक्के उतारा मिळाला, तर डाळ १०० रुपये किलोने पडली. त्यात भरडाईची मजुरी मिळवायची. हा आकडा संकेतस्थळावरील डाळीच्या किलोच्या भावापेक्षा १० रुपयांनी कमी असेल आणि घरात महिन्याला ३ किलो डाळ लागत असेल, तर वर्षाकाठी ३६० रुपये वाचतात. मात्र वर्षाच्या ३६ किलोंपैकी ३ किलो डाळ कीड लागून फेकावी लागली, तर ही जवळपास सारी बचत नाहीशी होते. साठवण नीट जमत असेल तरच वर्षाची भरती करावी, हे त्याचे सार.

कराचा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो. आधीच पाकीटबंद केलेल्या आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी व पिठांवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. एकाच पोत्यात २५ किलोपेक्षा अधिक माल असल्यास त्यावर तेव्हा हा कर लावण्यात आला नाही. दहा किलोची तीन पाकिटे एका मोठ्या पिशवीत घातली, तर मात्र प्रत्येक पाकीट करपात्रच राहते. दुकानदाराने मोठे पोते फोडून सुटे तोलून दिलेले धान्यही या करात येत नाही. ऑनलाइन येणारा माल बहुधा लहान पाकिटांतच असल्याने अडत बाजारातील सुट्या मालाशी त्याची बरोबरी होणे कठीण जाते.

साठवणुकीपूर्वी धान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावर, स्वच्छ व घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरावे. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे, हा जाणत्या गृहिणींचा निकष आजही उपयोगी आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरातील कोठीत ठेवणे मात्र जीवावर बेतू शकते. ओलाव्याशी संबंध येताच त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. काही शे रुपयांचे धान्य वाचविण्यासाठी असा धोका पत्करू नये.

पिनकोड आणि पैशाचा हंगाम

सवलत कितीही मोठी असली, तरी माल आपल्या पत्त्यावर पोहोचतो का, हे आधी पाहावे. बीड शहराचा पिनकोड ४३११२२, अंबाजोगाईचा ४३१५१७, तर आष्टीचा ४१४२०३ म्हणजे शेजारच्या अहिल्यानगरच्या मालिकेतला. एकाच जिल्ह्यात असूनही वस्तूंची उपलब्धता, पोहोचण्याचा कालावधी आणि दर पिनकोडनुसार बदलू शकतात. वाड्या-तांड्यांवर माल घेण्यासाठी मुख्य रस्त्यापर्यंत किंवा तालुक्याच्या गावी जावे लागत असेल, तर त्या फेरीचा खर्चही किमतीत धरावा.

दुसरा प्रश्न पैसा हाती येण्याच्या वेळेचा. पगारदार कुटुंबाला दर महिन्याची ठरलेली वजावट सोयीची असते. शेतीवर अवलंबून असलेल्या घरात पैसा येतो तो सोयाबीन, कापूस विकल्यावर. सबस्क्रिप्शन मात्र दर महिन्याला पैसा मागते. ओळखीचा दुकानदार पीक हाती येईपर्यंत उधारीवर थांबतो, संकेतस्थळ थांबत नाही. दुष्काळाच्या वर्षी ही उधारीच घराचा आधार होते. किरकोळ सवलतीसाठी तो व्यवहार पूर्णपणे तोडणे कितपत शहाणपणाचे, याचा प्रत्येक घराने विचार करावा.

ऊसतोडीसाठी जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. घराला कुलूप असताना मागणी सुरू राहिली, तर माल परत जाण्याचा आणि पैसे अडकण्याचा संभव असतो. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत असलेली मुले गावी राहणाऱ्या आई-वडिलांसाठी अशी नियमित मागणी नोंदवू शकतात व ती उपयुक्तही ठरते. परंतु माल स्वीकारणारे कोणी घरी आहे ना, आणि मागचा माल संपला आहे ना, याची खातरजमा दर खेपेस करणे आवश्यक आहे.

खात्यातून पैसे कापले जाताना

आपोआप होणाऱ्या वजावटीबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू झाले. त्यानुसार कार्ड किंवा यूपीआयवरून दर महिन्याला रक्कम वळती करण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला पूर्वसूचना मिळाली पाहिजे आणि ती वजावट थांबविण्याची सोयही असली पाहिजे. अशा व्यवहारांत ग्राहकाच्या फेरमंजुरीविना रक्कम वळती करण्याची मर्यादा आधी ५ हजार रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५ हजार करण्यात आली. बदलत्या रकमेसाठी संमती देताना कमाल रक्कम स्वतः ठरविता येते. महिन्याच्या किराण्यापुरतीच ही मर्यादा ठेवावी. पूर्वसूचनेचा संदेश आला की त्यातील रक्कम गावच्या भावाशी ताडून पाहावी. महाग वाटल्यास ती खेप वगळावी.

ई-वाणिज्यविषयक ग्राहक संरक्षण नियम, २०२० नुसार ग्राहकाची संमती स्पष्ट हवी. आधीच खूण केलेला चौकोन ही संमती ठरत नाही. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार नमूद केले आहेत. न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, शेवटच्या टप्प्यावर जादा आकार दाखविणे आणि सबस्क्रिप्शन बंद करणे मुद्दाम अवघड करणे, हे त्यांपैकीच होत.

खाद्यपदार्थांच्या मुदतीवरही लक्ष ठेवावे. संकेतस्थळावर उत्पादनाचा महिना दाखविणे बंधनकारक नसल्याने तारीख कळते ती माल हाती आल्यावरच. घरपोच देताना पदार्थाच्या टिकण्याच्या मुदतीपैकी ३० टक्के किंवा किमान ४५ दिवस शिल्लक असावेत, अशी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची सूचना आहे. तीन महिन्यांचा साठा एकदम मागविणाऱ्याने ती तारीख पाहिल्याशिवाय पाकीट फोडू नये.

तक्रार असल्यास

प्रत्येक ई-वाणिज्य संस्थेस तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिनाभरात निवारण करणे नियमाने अपेक्षित आहे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येत असल्याने, विक्रेता बंगळुरूचा असो वा दिल्लीचा, बीडच्या ग्राहकाला बीडमध्येच दाद मागता येते. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीसाठी शुल्क लागत नाही. मात्र बिल, संदेश आणि पाकिटाचे छायाचित्र जपून ठेवावे.

थोडक्यात, महिन्याच्या यादीचे तीन भाग करावेत. दीर्घकाळ टिकणाऱ्या आणि दरमहा ठरावीक प्रमाणात लागणाऱ्या साबण, पावडर, चहा यांसारख्या वस्तू भाव जुळत असल्यास नियमित मागणीवर टाकाव्यात. धान्य व डाळी हंगामात स्थानिक बाजारातून घ्याव्यात. जागा किंवा पैसा कमी पडत असेल, तर बचत गटातील किंवा शेजारच्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून पोते अथवा तेलाचा डबा वाटून घ्यावा. उरलेले किरकोळ सामान नेहमीच्या दुकानातून आणावे. तीन महिने दोन्हीकडचे किलोचे भाव एका वहीत टिपून ठेवले, तर कोणती वस्तू कोठून घ्यावी, याचे उत्तर ती वहीच देईल.