बॉनेटखालचं अस्तर

वर्तकनगरच्या गल्ल्यांमधून रविवारी सकाळी चक्कर मारली, तर एखाद्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडून तिचा मालक आत डोकावताना हमखास दिसतो. जुन्या गाडीवर माणसाचा जीव असतो, आणि आपल्या या भागाचा तर गाड्यांशी संबंधही जुना. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत होती. कल्याण-डोंबिवलीकडच्या कारखान्यात त्याच कंपनीची प्रीमियर ११८ एनई तयार होत असे. पद्मिनीचा शेवट टॅक्सीच्या रूपाने झाला. मुंबईत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. पण घरगुती वापरातल्या कितीतरी जुन्या गाड्या अजून फिरताहेत. पंधरा वर्षांनी फेरनोंदणी करायची आणि मग दर पाच वर्षांनी पुन्हा, हा त्यांच्या मालकांचा नेम.

अशा गाडीची एक नेहमीची तक्रार म्हणजे आवाज. बॉनेट उघडून वर पाहिलं, की आतल्या अस्तराच्या चिंध्या लोंबताना दिसतात. काही स्वस्त गाड्यांना तर हे अस्तर मुळात नसतंच. मग ते नवीन बसवावं का, आणि बसवलं तर काय फरक पडेल?

आधी हे अस्तर करतं काय, ते पाहू. त्याची कामं दोन. इंजिनाची धग बॉनेटच्या रंगापर्यंत पोहोचू न देणं हे एक, आणि आवाज शोषून घेणं हे दुसरं. आवाज शोषायला लागतो तो नमदा, म्हणजे दाबून बसवलेले तंतू, किंवा बारीक छिद्रांचा फोम. हवेची कंपनं त्या छिद्रांमध्ये शिरतात, तंतूंशी घासतात आणि त्यांची थोडीशी उष्णता होऊन जाते. वर्तकनगरच्या शेजारी, पोखरण रस्त्यावर १९२५ पासून २००९ पर्यंत रेमंडची लोकरीची गिरणी होती. लोकरीचं जाड कापड अंगावर घेतलं की ऊबही मिळते आणि बाहेरचा आवाजही मंदावतो. तत्त्व तेच.

पण इथे एक मर्यादा आहे. आवाज जितका खर्जातला, तितकी त्याची लहर लांब. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्याचा मूळ घुमारा सेकंदाला शंभर कंपनांचा असतो आणि त्याच्या एका लहरीची लांबी होते जवळजवळ साडेतीन मीटर! दोन सेंटिमीटरचा नमदा तिला काय अडवणार? तो अडवतो ते टॅपेटची टकटक, पंख्याची सळसळ, बेल्टची किरकिर असे वरच्या पट्टीतले आवाज. म्हणून अस्तर बदलल्यावर आवाजाचा कर्कशपणा जातो, घुमणं जात नाही. घुमणं येतं ते इंजिनाच्या झिजलेल्या माउंटिंगमधून, फुटक्या सायलेन्सरमधून आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकांतून. तिथल्या वायरींची रबरं सुकून पडली असतील, तर ती आधी बदला. खर्चही किरकोळ आणि फरक चटकन जाणवतो.

दुसरा प्रकार पत्र्याच्या थरथरीचा. वाजत्या थाळीवर हात ठेवला की ती गप्प होते. बुटाइल रबराची, वर अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली डॅम्पिंग शीट हेच काम करते. ती सगळीकडे चिकटवायची गरज नसते. पत्र्याच्या मोकळ्या भागाच्या मध्यावर, साधारण पाव ते एक तृतीयांश भागावर लावली तरी पुरते. स्वस्तातली डांबरी शीट मात्र बॉनेटखाली नको. ती तापून सुटते आणि वास मारते.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड हवं आणि बॅटरीची ऋण टोकाची वायर काढलेली हवी. जुन्या अस्तराच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा उन्हातान्हाने ठिसूळ झालेल्या असतात, त्या तुटणारच. नव्या आधी आणून ठेवा. अस्तर ओढून फाडू नका. जुन्या गाड्यांच्या काही भागांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं जाई, आणि काचतंतूही अंगाला खाजतात. म्हणून मास्क आणि हातमोजे घाला, अस्तर थोडं ओलं करा आणि मगच उतरवा. त्यावरून वर्तमानपत्राच्या कागदावर माप काढून घ्या.

पत्र्यावरचा जुना गोंद रॉकेलच्या बोळ्याने आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. थिनरने रंग जातो. गंज दिसला तर घासून प्रायमर लावा आणि पूर्ण वाळू द्या. बॉनेटच्या कडेला पाणी निथळायची भोकं असतात, ती बुजवू नका. ठाण्याच्या पावसात ती बुजली, की पत्रा आतून कुजायला वेळ लागत नाही.

नवीन अस्तर गाड्यांसाठी बनवलेलंच घ्या. थर्माकोल, पॅकिंगचा स्पंज, जुना गालिचा यांतलं काहीही इंजिनाजवळ चालणार नाही. दुकानातून नमुन्याचा तुकडा मागून घ्या. मोकळ्या जागेत तो पकडीत धरून काडीने पेटवून पाहा. काडी दूर करताच विझला तर ठीक. जळत राहिला किंवा जळते थेंब गळू लागले, तर तो माल परत करा. साधं रबर सोल्यूशनही उष्णतेने सुटतं. जास्त तापमानाला टिकणारा गोंद वापरा आणि त्याच्या जोडीला क्लिपा लावाच. सुटलेलं अस्तर पंख्यात किंवा तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं, तर काय होईल ते सांगायला नको.

जाडी किती चालेल, हे पाहायला घरगुती युक्ती आहे. एअर फिल्टरवर आणि इतर उंच भागांवर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले कणकेचे गोळे ठेवा आणि बॉनेट हलकेच बंद करून पुन्हा उघडा. गोळा दबून जितका उरला, तितकी तुमची जागा. अस्तर त्याहून बरंच पातळ हवं, कारण इंजिन चालताना हलतं. बॅटरीच्या टोकांच्या वर चकाकता पापुद्रा तर येऊच देऊ नका. अ‍ॅल्युमिनियममधून वीज वाहते आणि एका स्पर्शाने शॉर्टसर्किट होतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, तेलाची किंवा पेट्रोलची गळती असेल तर ती आधी दुरुस्त करा. तेल प्यायलेलं अस्तर म्हणजे समईतली वात. इंजिनाचा आवाज अचानक वाढला असेल, तर तेही दुखणं आहे. त्यावर पांघरूण घालून ते बरं होत नाही. पावसाळ्यात उंदीर याच नमद्याची घरटी करतात आणि वायरी कुरतडतात. म्हणून महिन्यातून एकदा बॉनेट उघडून नजर टाकावी.

काम झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं गाडी उभ्यानेच चालू ठेवा आणि वास घ्या. पुढे कधी बॉनेटमधून धूर दिसला, तर गाडी थांबवून इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि १०१ ला फोन लावा. बॉनेट मात्र उघडू नका, कारण हवा मिळताच आग भडकते.

एवढं पथ्य पाळलं, तर जुनी गाडी नवीसारखी होणार नाही, पण शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता येईल. रोज घोडबंदर रस्त्याच्या गर्दीत अडकणाऱ्याला तेवढंही पुष्कळ आहे.