प्रकाशातून घडणाऱ्या सजीव नलिका

भारतात २०१३ मध्ये पाच हजारांहून कमी अवयव प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ मध्ये ही संख्या १८ हजारांवर गेली. ही वाढ लक्षणीय असली, तरी गरजेच्या मानाने ती तोकडीच आहे. त्या वर्षी मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांची संख्या अकराशेच्या आसपास होती. त्यामुळे बहुतेक रुग्णांना जिवंत नातलगाच्या त्यागावरच अवलंबून राहावे लागते. जबलपूर जिल्ह्यातील मझौलीसारख्या तहसिलीच्या ठिकाणी राहणाऱ्या मजुराचे मूत्रपिंड निकामी झाले, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करून घेणे क्रमप्राप्त ठरते. केंद्र दूर असेल, तर प्रवासखर्चाबरोबर त्याचा आणि सोबत्याचाही रोज बुडतो. रुग्णाच्याच पेशींपासून अवयव घडवता येईल काय, या प्रश्नाला म्हणूनच वैज्ञानिक महत्त्वाइतकेच आर्थिक व सामाजिक महत्त्वही आहे.

पेशी आहेत, कालवे नाहीत

प्रयोगशाळेत मानवी पेशी वाढवणे आता दुर्मीळ राहिलेले नाही. अडचण आहे ती त्यांना जगवण्याची. शरीरातील बहुतेक पेशी रक्ताच्या केशवाहिनीपासून साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत असतात. त्यापलीकडे प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. त्यामुळे ऊतीचा गोळा जाड होताच त्याच्या मध्यभागातील पेशी मरू लागतात.

सिंचनाशी परिचित असलेल्या वाचकाला हे सहज उमजेल. जबलपूर जिल्ह्यात नर्मदेवर बरगी धरण आहे. धरणात पाणी असले, तरी मुख्य कालवा, शाखा, वितरिका आणि चाऱ्या यांचे जाळे पूर्ण झाल्याशिवाय ते शिवारात पोहोचत नाही. शरीरातही हीच रचना आढळते. माणसाच्या श्वासनलिकेला फुप्फुसात एकामागून एक सुमारे २३ वेळा फाटे फुटतात. यकृतातील पित्तनलिका, मूत्रपिंडातील संग्राहक नलिका आणि स्तनातील दुग्धनलिका यांचीही घडण अशीच शाखायुक्त असते. नलिकांच्या या मांडणीत काटकसरही आहे. मूळ नलिकेच्या त्रिज्येचा घन हा तिच्या शाखांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेइतका असेल, तर रक्त वाहून नेण्याचा आणि ते राखण्याचा एकत्रित ऊर्जाखर्च किमान राहतो, असे सेसिल मरे यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले.

प्रकाशाची भूमिका

जैवमुद्रणाच्या प्रचलित पद्धतीत पेशीमिश्रित जेल बारीक तोटीतून धाग्याप्रमाणे सोडले जाते. या पद्धतीने पोकळ, फाटे फुटलेली नळी घडवणे कठीण असते, कारण मऊ जेल आपल्याच भाराने खचते. प्रकाशाधारित पद्धतीत तोटी नसते. जिलेटिनसारख्या पदार्थावर रासायनिक प्रक्रिया करून तयार केलेल्या द्रवात पेशी मिसळतात. या द्रवावर जेथे प्रकाश पडतो तेथे तो घट्ट होतो आणि अंधाऱ्या भागात द्रवच राहतो. तो द्रव धुऊन काढला की पोकळ वाट उरते. अतिनील किरणांमुळे पेशींना इजा होण्याचा धोका असल्याने बहुधा जांभळट-निळा दृश्य प्रकाश वापरतात.

येथे एक पेच होता. एका थरासाठी टाकलेला प्रकाश खालच्या थरांतही झिरपतो आणि पोकळ राहायला हवी ती वाट बुजवतो. अमेरिकेतील राइस विद्यापीठ आणि वॉशिंग्टन विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये यावर सोपा तोडगा प्रसिद्ध केला. टार्ट्राझिन हा खाद्यपदार्थांत वापरला जाणारा पिवळा रंग त्यांनी द्रवात मिसळला. हा रंग निळा प्रकाश शोषून घेतो आणि काम संपल्यावर धुऊन जातो. अशा रीतीने त्यांनी हवेच्या पिशवीभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे असलेली प्रतिकृती घडवली. पिशवी फुगत व आकसत असताना भोवतालच्या तांबड्या रक्तपेशींनी प्राणवायू घेतल्याचे दिसून आले.

त्याच वर्षी स्वित्झर्लंड व नेदरलँड्समधील संशोधकांनी दुसरी वाट दाखवली. फिरत्या काचपात्रातील जेलवर अनेक कोनांतून प्रकाशाकृती टाकून संपूर्ण वस्तू काही सेकंदांत एकदम घट्ट करता येते. सीटी स्कॅनचीच ही उलट क्रिया होय. मात्र पेशींची दाटी वाढली की प्रकाश विखुरतो. २०२२ मध्ये उट्रेख्टच्या गटाने क्ष-किरण तपासणीत वापरले जाणारे आयोडिक्सॅनॉल मिसळून ही अडचण बरीच कमी केली.

भारतातील वाटचाल

हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी आणि सीसीएमबी यांनी २०२२ मध्ये जैवमुद्रित नेत्रपटल सशाच्या डोळ्यात बसवल्याचे जाहीर केले. नेत्रपटलात रक्तवाहिन्या नसतात. नलिकांच्या जाळ्याची अडचण तेथे आड येत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने देशी जैवमुद्रण यंत्र पुढे आले. त्याची चाचणी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत झाली होती.

पूर्ण मूत्रपिंड वा यकृत मुद्रित करून रुग्णात बसवणे आजमितीस कोठेही साध्य झालेले नाही. नजीकचा उपयोग औषधांच्या चाचणीत आहे. भारताने २०२३ मध्ये नवीन औषधे व नैदानिक चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांवरील प्रयोगांना पर्याय ठरणाऱ्या अशा पद्धतींना वाट मोकळी करून दिली आहे.

शेवटच्या टोकापर्यंत

जेल, प्रकाशसंवेदी रसायने आणि पेशीसंवर्धनाची साधने देशातच परवडणाऱ्या दरात तयार व्हायला हवीत. सार्वजनिक संस्थांनी सामाईक मुद्रणकेंद्रे उभारल्यास लहान विद्यापीठांनाही संशोधन करता येईल. दरम्यान मरणोत्तर अवयवदान आणि जिल्हा पातळीवरील डायलिसिस सेवा यांवरील भर कमी होता कामा नये, कारण आजचा रुग्ण उद्याच्या तंत्रज्ञानाची वाट पाहू शकत नाही. ऊतीत प्राणवायू शेवटच्या पेशीपर्यंत पोहोचला तरच ती जगते. कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेत कोरडे राहते, तसा मझौलीचा रुग्ण या विद्येच्या लाभापासून वंचित राहू नये, याचे नियोजन आतापासूनच व्हावयास हवे.