अंगात घातलेला ‘रंग’ जातो कुठे?

पेडण्याहून वा डिचोलीहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात तपासणीस गेलेले माणूस परतले, की शेजारीपाजारी विचारतात, “शिरेतून रंग घातला म्हणे! तो आता अंगातच राहायचा काय?” आम्हांस हा प्रश्न मुळीच भाबडा वाटत नाही. १९३० नंतर काही वर्षे थोरोट्रास्ट नावाचे किरणोत्सर्गी द्रव्य याच कामी वापरले जाई. ते यकृतात व प्लीहेत जन्मभर ठाण मांडून बसे आणि पुढे कित्येकांना त्यापायी कर्करोग झाला.

आजचे द्रव्य तसे नाही. सी. टी. स्कॅनच्या वेळी टोचतात तो रंग नव्हेच. पाण्यासारखे स्वच्छ असे ते आयोडीनयुक्त औषध असते. आयोडीन क्ष-किरणांना अडवते, म्हणून रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसतात. शरीर ते पचवीत नाही. मूत्रपिंडांतील सूक्ष्म गाळण्यांतून ते जसेच्या तसे लघवीत उतरते. मूत्रपिंडे धड असली, तर सुमारे दोन तासांत निम्मे आणि २४ तासांत जवळजवळ सारे बाहेर पडते. १९२९ साली बर्लिनमध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टराने मूत्रमार्गाची चित्रे घेतली, ती द्रव्याच्या याच गुणाच्या आधारे. एम. आर. आय.चे गॅडोलिनियमही बहुतांशी याच वाटेने जाते. अत्यल्प अंश मागे राहतो. पोटाच्या तपासणीसाठी पाजतात ते बेरियम मात्र रक्तात शिरतच नाही. एकदोन दिवस शौचास पांढरे होते, एवढेच. मलावरोध होऊ नये म्हणून पाणी भरपूर प्यावे.

तेव्हा सारी भिस्त मूत्रपिंडांवर. ती मंदावली असली, तर द्रव्य रक्तात अधिक काळ रेंगाळते. म्हणूनच आधी क्रिएटिनिन तपासतात. मधुमेह, रक्तदाब वा जुना मूत्रपिंडविकार असल्यास तो न विचारताही सांगावा. आपल्याकडची वडीलधारी मंडळी, विशेषतः बायका, वाटेत अडचण नको म्हणून बसप्रवासात पाण्याचा घोट घेत नाहीत आणि तशाच कोरड्या तपासणीच्या टेबलावर चढतात. हे संकोचाचे व्रत त्या दिवशी तरी मोडावे. पाण्यावर निर्बंध आहे की काय, हे मात्र आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल, तर ती थांबवायची की नाही हे डॉक्टर क्रिएटिनिनचा आकडा पाहून ठरवितात. घरी आपल्या मनाने ठरवू नये. तो रक्ततपासणीचा कागद औषधांच्या पिशवीतच ठेवावा.