कपाटातला यशिका की नवा हाफ-फ्रेम? रोजच्या फोटोंसाठी कोणता रोलचा कॅमेरा घ्यावा

पलूस : बारसे, लग्न, शाळेची सहल, सगळे ३६ च्या एका रोलमध्ये बसवण्याचा काळ मागे पडला असे वाटत असतानाच रोलचे कॅमेरे पुन्हा चर्चेत आले आहेत. पेंटॅक्सने जून २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. ऑनलाइन जुन्या छोट्या कॅमेऱ्यांनाही चांगला भाव मिळतो आहे. पण रोजच्या वापरासाठी त्यातला कोणता घ्यायचा? ब्रँड पाहण्याआधी तीन गोष्टी पाहा : रोल कोणता लागतो, किती उजेड लागतो आणि एका फोटोला खर्च किती येतो.

घरात पडून असलेला कॅमेरा चालेल का?

आधी त्याला लागणारा रोल मिळतो का ते बघा. पूर्वी बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक-३ ला १२० चा रुंद रोल लागतो आणि त्यावर १२ चौकोनी फोटो निघतात. हॉट शॉटच्या ११० कॅसेटवर चालणाऱ्या मॉडेलचा रोल आज सहज मिळत नाही. यशिका एमएफ-२ सुपर किंवा कोडॅक केबी-१० असेल तर अडचण नाही. दोन्हींना ३५ मिमीचा नेहमीचा रोल चालतो.

रोल घालण्याआधी ही तपासणी करा :

- सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर आहे का? असल्यास आधी तो साफ करावा लागेल.
- मागच्या झाकणाच्या कडेचा काळा स्पंज चिकट झाला असेल, तर उजेड आत शिरून रोल खराब होतो.
- लेन्सवर जाळ्यासारखी बुरशी दिसते का? पावसाळ्यात बंद कपाटात ती हमखास धरते.
- मागचे झाकण उघडे ठेवून, कॅमेरा उजेडाकडे धरून बटण दाबा. शटर क्षणभर उघडताना दिसले पाहिजे. काही कॅमेऱ्यांत रोल नसताना शटर दबत नाही. तिथे जाणकाराला दाखवा.

नवा घ्यायचा तर कोणता?

स्वस्त गटात कोडॅक एम-३५ आणि कोडॅक एक्टार एच-३५ हे दोन सोपे कॅमेरे आहेत. दोन्हींचा फोकस कायमचा बसवलेला असतो, एक मीटरच्या पुढचे सगळे बऱ्यापैकी स्पष्ट येते. एच-३५ हाफ-फ्रेम आहे, म्हणजे एका चौकटीच्या जागेत दोन उभे फोटो बसतात आणि ३६ च्या रोलवर ७२ फोटो निघतात. निगेटिव्ह निम्मी असल्याने मोठ्या प्रिंटमध्ये दाणे जास्त दिसतात.

पेंटॅक्स १७ सुद्धा हाफ-फ्रेम आहे, पण त्यात उजेड मोजणारा मीटर असून अंतराप्रमाणे फोकस बदलता येतो. अमेरिकेत तो आला तेव्हा किंमत सुमारे ५०० डॉलर होती.

जुन्यांमध्ये ऑलिंपस एक्सए-२ आणि म्यू-२ यांना मोठी मागणी आहे. लेन्स चांगली, आकार खिशात मावणारा. मात्र म्यू-२ सारख्या कॅमेऱ्यात सगळे इलेक्ट्रॉनिक्स आहे. ते बंद पडले की दुरुस्ती अवघड. चालू स्थितीतला व्हिडिओ पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

फोटो काळे का येतात?

एच-३५ ची लेन्स एफ/९.५ आणि शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाचे. दोन्ही बदलता येत नाहीत. एफचा आकडा जितका मोठा, तितके उजेड आत येण्याचे भोक लहान. औदुंबरच्या घाटावर भर उन्हात २०० आयएसओचा रोल पुरतो. द्राक्षबागेत मांडवाखालच्या सावलीत ४०० चा रोल घ्यावा. संध्याकाळी किर्लोस्करवाडी स्टेशनच्या फलाटावर किंवा घरात ट्यूबलाइटखाली फ्लॅश लागतोच, आणि तोही दोन-तीन मीटरपलीकडे फारसा पोचत नाही.

पेंटॅक्स १७ ची लेन्स एफ/३.५ आहे. म्हणजे तेवढ्याच वेळात ती साधारण सात पट उजेड आत घेते. किमतीतला मोठा फरक इथे आहे. फोटो दिवसाच काढायचे असतील, तर त्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही.

एका फोटोला खर्च किती?

समजा रोल, धुलाई, स्कॅन आणि कुरिअर मिळून १,५०० रुपये झाले. ३६ फोटोंना प्रत्येकी सुमारे ४२ रुपये पडतात, हाफ-फ्रेमच्या ७२ फोटोंना सुमारे २१ रुपये. मात्र काही लॅब हाफ-फ्रेमच्या स्कॅनिंगला जादा आकार लावतात. म्हणून कॅमेरा घेण्याआधी लॅब ठरवा आणि दर विचारून घ्या. जवळ रंगीत रोल धुणारे कोणी नसेल, तर तो कुरिअरने मोठ्या शहरात पाठवावा लागतो. उन्हाळ्यात रोल गाडीत ठेवू नका. फोटो संपल्यावर रोल पूर्ण गुंडाळल्याशिवाय मागचे झाकण उघडू नका.

निगेटिव्ह मागून घ्या

अनेक जण मोबाइलवर स्कॅन आले की निगेटिव्ह लॅबमध्येच सोडून देतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिलवडी, ब्रह्मनाळ अशा कृष्णाकाठच्या गावांत घराघरांत पाणी शिरले होते. अशा पाण्यात भिजलेले प्रिंट एकमेकांना चिकटून वाळले की सोडवताना चित्रच निघून येते. निगेटिव्ह दुसरीकडे सुरक्षित असेल, तर तोच फोटो पुन्हा काढता येतो.

निगेटिव्ह भिजलीच, तर वाळण्याआधी स्वच्छ थंड पाण्यातून काढा, चित्राच्या बाजूला बोट न लावता कडेला चिमटा लावून सावलीत टांगा. एरवी ती अल्बमपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा. नदीकाठी घर असेल तर वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे.

थोडक्यात

- घरात ३५ मिमीचा चालू कॅमेरा आहे : आधी त्यातच एक रोल वापरून पाहा.
- पहिल्यांदाच शिकताय, फोटो दिवसाचे : एच-३५ आणि ४०० चा रोल.
- मोठे प्रिंट हवेत : पूर्ण चौकटीचा ३५ मिमी कॅमेरा.
- संध्याकाळचे, घरातले फोटो जास्त : मीटर असलेला कॅमेरा, बजेट वाढवून.